भिंतीला कान लावणारा माणूस

आमच्या घरी काका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दारात चप्पल काढली, माझ्या बायकोने पुढे केलेलं पाणी एका दमात प्यायलं आणि रिकामं भांडं हातात तसंच धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने आमच्या हॉलची भिंत ठोकून बघितली. ठक, ठक. मग भिंतीला कान लावला. मग दोन पावलं सरकून पुन्हा ठक, ठक. आम्ही नवरा-बायको सोफ्याच्या टोकावर बसून राहिलो. डॉक्टर छातीला नळी लावतात तेव्हा जसं काही बोलायचं नसतं, तसं वाटलं.

"हॉल ठीक आहे," ते म्हणाले. "किचन दाखवा."

किचनमध्ये ओट्याच्या वरच्या एका फरशीपाशी ते बराच वेळ थांबले. "ही पोकळ आहे. मागे माल भरलेलाच नाही. पडणार." एवढं सांगून ते चहा प्यायला बाहेर आले आणि चहात साखर कमी आहे म्हणून तोही नापास केला. दोन कप प्यायले ते वेगळं. ती फरशी आजतागायत पडलेली नाही, पण माझी बायको तिच्याखाली उभी राहून पोळ्या करत नाही. ओटा अर्धा रिकामा असतो. माझी मुलगी तेव्हा नर्सरीत होती. तिने त्या दिवसापासून त्यांचं नाव 'नॉक-नॉक अंकल' ठेवलं आणि अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या सगळ्या मराठी पोरांनी ते उचललं. मोठी माणसं त्यांना काका म्हणत. कंपनीतले लोक काय म्हणत ते घरात सांगण्यासारखं नाही.

आम्ही दोघे मुसफ्फातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत होतो. मी प्लॅनिंगला, म्हणजे काम कधी संपणार हे सांगायला. काका क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे काम अजून संपलेलं नाही हे सांगायला. आमचं जमण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. त्यांच्याकडे पुढे गोळी असलेली एक बारीक सळई असे. ती प्लास्टरवरून, फरशीवरून ठोकत जायचं. भरीव असेल तर खणखणीत आवाज येतो, मागे पोकळी असेल तर बद्द येतो. बद्द आला की काका खिशातून लाल खडू काढत आणि भिंतीवर भली मोठी फुली मारत. मिस्त्री हात जोडत. "काकाजी, इतना तो चलता है." काका म्हणत, "चलता है तो चलके दिखाए. तोड दो." आमचा इजिप्शियन प्रोजेक्ट मॅनेजर तर फुली दिसली की कपाळाला हात लावून, "हबीबी, प्लीज, धिस इज ओन्ली द पंप रूम," असं काकुळतीला येऊन म्हणायचा. काकांना पंप रूम आणि राजवाडा यांत फरक करता येत नसे. त्यांच्या डोक्यात दोनच रकाने होते, पास आणि रिजेक्ट, आणि पासचा रकाना बहुतेक कोराच.

गंमत अशी की रागावून ते काहीच करत नसत. रिजेक्ट म्हणताना त्यांचा चेहरा उलट खुलायचा. एखाद्याला अंगणात मोर दिसावा तसा त्यांना दोष दिसायचा.

हे सगळं सांगितल्यावर कोणाला वाटेल की असा माणूस सुट्टीच्या दिवशी दार लावून झोपत असेल. पण काका आमच्या सगळ्यांच्या सहली काढत. आधी शुक्रवारी, मग सरकारने सुट्टी बदलली तेव्हापासून रविवारी. एक मिनीबस ठरवायची, पहाटे मराठी कुटुंबं गोळा करायची आणि अल ऐनच्या बाजूला, जबल हफीत डोंगराच्या पायथ्याशी घेऊन जायचं: जुन्या दगडी कबरी, डोंगरातली एक गुहा, आणि शेवटी गरम पाण्याचे झरे. दर वेळी तेच, त्याच क्रमाने. दुबईला जाऊ या, उंच इमारत बघू या, मॉल बघू या असं कुणी म्हटलं की काका बसच्या पुढच्या सीटवरून वळून बघत.

"ते आपणच बांधलंय. आपलंच काम काय बघायचं? कुठे काय झाकलंय ते मला माहीत आहे."

बसमध्ये त्यांची शिस्त असे. गाणी चालत, भेंड्या चालत नसत. घरून आणलेले पोहे आधी त्यांच्यापुढे यायचे. "कांदा कच्चा. रिजेक्ट." पुढच्या डब्याला, "मीठ एका बाजूला गेलंय." बायका खवळायच्या, पण दर सहलीला प्रत्येकीचा डबा काकांसाठी वेगळा भरलेला असायचा, कारण आज तरी पास करून घ्यायचंच ही सगळ्यांची ईर्ष्या. कुणाचेही पोहे पास झाले नाहीत. संपायचे मात्र सगळे.

त्या कबरी म्हणजे उघड्या माळावर रचलेले दगडांचे घुमट, पुरुषभर उंचीचे. पाच हजार वर्षांपूर्वीचे आहेत म्हणतात. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आत जायला एवढंसं तोंड. काही पडलेल्या, काही सरकारने पुन्हा उभ्या केलेल्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा उन्हात उतरलेली सगळी मंडळी, हे दगड बघायला एवढं लांब आणलं का, अशा चेहऱ्याने उभी होती. काका पुढे गेले. एका घुमटापाशी उकिडवे बसले, खिशातून सळई काढली आणि ठोकली. कान लावला. पुन्हा ठोकली. एवढ्यात पेशावरकडचा एक पहारेकरी धावत आला. "अरे बाबाजी, हाथ मत लगाओ, मना है!" काकांनी सळई खिशात घातली, त्याची माफी मागितली, उठून उभे राहिले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "पास."

बसने आलेला एकूण एक माणूस वळून बघायला लागला. आमच्यातल्या निम्म्यांनी हा शब्द त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. माझी मुलगी माझा हात ओढून म्हणाली, "बाबा, ही सेड पास!" काकांचे डोळे भरून आले होते. ते लपवायला ते टोपी झटकत राहिले. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला, आणि पुढे कितीही छळलं तरी ती आवड गेली नाही.

गुहेत मात्र त्यांची पंचाईत व्हायची. तिथे कुठेही ठोकलं तरी आवाज घुमायचा. पोकळ असणं हेच जिथे काम, तिथे रिजेक्ट कसं करायचं? ते गुहेच्या तोंडाशीच बसून राहत, सगळ्यांना आत पाठवत आणि बाहेर आलेल्या प्रत्येकाला विचारत, "कसं आहे?" झऱ्यांपाशी गेलं की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय सोडून बसत आणि आपल्या घराबद्दल बोलत. तेवढाच वेळ.

ते घर संगमेश्वरजवळच्या त्यांच्या गावात बांधायला काढलं होतं. जांभ्या दगडाचं, वर कौलं, आतून प्लास्टर. बांधून घेत होत्या काकू. काका इथे मुसफ्फात, वर्षाकाठी महिन्याची सुट्टी, तीही एखाद्या वर्षी घ्यायची नाही. मग इन्स्पेक्शन कशी व्हायची? फोनवरून. जेवणाच्या सुट्टीत काका आमच्या साइट ऑफिसच्या मागे सावलीत जायचे, काकूंना फोन लावायचे आणि तिकडे काकू मोबाइल भिंतीशी धरून लोखंडी पळीने भिंत ठोकायच्या. ठण, ठण, ठण. "थोडं वर," काका डोळे मिटून म्हणायचे. "आता डावीकडे. थांब. तिथेच पुन्हा. बद्द आला. फुली मार." काकू म्हणे कोळशाने फुली मारायच्या. गावचा गवंडी पुढे काकूंना बघितलं की वाट बदलायचा.

काकूंना शिकवलंही त्यांनी फोनवरूनच. आधी खाली पार्किंगमध्ये जाऊन काँक्रीटचा खांब ठोकून ऐकवला: "हा भरीव." मग वर खोलीत येऊन पलंगावर बसल्या बसल्या भिंत ठोकून ऐकवली: "हा पोकळ. फरक कळला?" काकूंना कळला. हे काकाच मला कौतुकाने सांगत. "बाईचा कान तयार झालाय. आपल्या साइटवर आणली तर तुमची सगळ्यांची छुट्टी करेल."

एकेक करत घराच्या सगळ्या भिंती पास झाल्या. राहिली एक, माजघराची मागची भिंत. ती काही केल्या पास होईना. दोनदा खरवडून पुन्हा प्लास्टर केलं. काकू ठोकायच्या, काका ऐकायचे आणि मान हलवायचे. वास्तुशांत अडली होती ती त्या भिंतीपायी. आणि अडले होते काकाही, कारण त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "ती भिंत पास झाली की मी कायमचा गेलो. खलास." कंपनीत त्यांच्या वयाचे लोक कधीच निवृत्त होऊन गेले होते. एचआरवाला दर वर्षी विचारायचा, काका भिंतीचं नाव सांगून एक वर्ष वाढवून घ्यायचे. मला वाटायचं, काय हा माणूस, एका भिंतीसाठी!

व्हिडिओ कॉल सुरू झाले तेव्हा काकांनी आणखी एक उद्योग केला. ते काकूंना कॉल करायचे ते आमच्या साइटवरच्या सॅम्पल फ्लॅटमधून. ग्राहकाला दाखवायला सजवलेला फ्लॅट तो. पांढरे पडदे, मोठी खिडकी, टेबलावर प्लास्टिकची फळं. काका त्या खिडकीसमोर उभे राहून, "हो, जेवलो, आता जरा पडतो," असं म्हणायचे. आपण इथेच राहतो असं त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही. इथे राहत नाही असंही म्हटलं नाही.

ते राहायचे ते मी एकदाच पाहिलं होतं, त्यांना ताप आला तेव्हा. मुसफ्फाजवळच्या शाबिया वस्तीतल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये एका फ्लॅटच्या हॉलचे प्लायवूड लावून चार भाग केलेले. काकांच्या वाट्याला एक पलंग, एक स्टूल, भिंतीला खिळे आणि अर्धी खिडकी. खरोखर अर्धी, प्लायवूड नेमकं खिडकीच्या मधोमध आलं होतं, उरलेली अर्धी पलीकडच्या गोरखपूरच्या इलेक्ट्रिशियनची. ज्या माणसाने पंप रूमचं प्लास्टर तोडायला लावलं तो तिथे वर्षानुवर्षं झोपत होता. परवडत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, "काका, काय हे?" तर म्हणाले, "झोपायला किती जागा लागते? आणि हे टेंपररी आहे. टेंपररी काम मी इन्स्पेक्ट करत नाही."

आणि एक दिवस काकूंनी स्वतःच जाहीर केलं की त्या येणार. भाच्याने व्हिजिट व्हिसा काढून दिला, तिकीट काढलं. काकांना कळवलं ते विमानतळावर घ्यायला या म्हणून.

काका त्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी काहीही ठोकलं नाही. "तुझ्याकडे राहील का ती? तेवढे दिवस?"

"राहतील की. पण काका, खोली बघायची म्हणतीलच ना."

"नाही बघायची," ते म्हणाले. "काहीही कर. तिने ती बघता कामा नये. माझी सगळी..."  हातानेच काहीतरी कोसळल्यासारखं केलं आणि निघून गेले.

काकू आल्या. ठेंगण्या, काटक, केसांत अबोलीचा गजरा विमानातून तसाच आणलेला. पिशवीत फणसाचे तळलेले गरे, कोकमं, आणि माझ्या मुलीसाठी बोरं. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या हॉलची भिंत बोटाने ठोकली तेव्हा मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. किचनमधली ती फरशी त्यांनी पहिल्याच फटक्याला शोधली. "ही पडेल गं," त्या बायकोला म्हणाल्या. मुलगी खूश होऊन ओरडली, "देअर आर टू ऑफ देम!"

त्या रोज विचारायच्या, "तुमची खोली कधी दाखवता?" काका रोज नवं कारण आणायचे. खोलीत रंगकाम चालू आहे. एसी गळतोय. बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे. लिफ्टचं ऐकून काकू म्हणाल्या, "मी डोंगर चढून देवीला जाते." काका म्हणाले, "इन्शाल्ला, उद्या." त्यांचा तो इन्शाल्ला मी प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये फार ऐकला होता.

काकूंच्या जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. काकांनी सहल ठरवली. बस नाही, माझी गाडी; आम्ही तिघं आणि ते दोघं. बेत उघड होता: पहाटे निघायचं आणि इतकं फिरवायचं की परत आल्यावर बाई दमून झोपली पाहिजे. काका पुढे बसले, काकू मागे, बायको आणि मुलीच्या मध्ये. गाडीत काकूंनी केलेली घावनं पुढे आली. काकांनी पहिला घास घेतला, आम्ही सगळे ऐकत होतो. "मीठ जरा..." एवढं म्हणून ते थांबले आणि चक्क गप्प खात राहिले. काकू खिडकीबाहेर बघत हसत होत्या.

कबरींपाशी काकांनी जीव तोडून गाइडगिरी केली. दगड कसा निवडलाय, तोंड कुठे ठेवलंय, घुमटाचं वजन कुठे उतरतं. एरवी आम्हाला त्यांनी हे एवढं कधीच सांगितलं नव्हतं. काकू पदर डोक्यावर घेऊन फिरून आल्या.

"एकेका माणसाला एवढी जागा?" त्यांनी विचारलं.

"एकेकाला नाही. एका कबरीत बरेच जण. घरातलेच असणार. एक गेला की तोंड उघडायचं, ठेवायचं, बंद करायचं."

"म्हणजे सगळं घर एकत्र."

"हो."

"बरं आहे," काकू म्हणाल्या. "निदान मेल्यावर तरी."

काका पुढच्या कबरीकडे निघाले. घाई नसताना ते घाईने चालत होते.

गुहेत काकू आत गेल्या आणि एका सपाट दगडावर बसल्या. थंड होतं. काका नेहमीसारखे बाहेर थांबले, पण काकू बाहेर येईनात तेव्हा त्यांना आत यावं लागलं. मी मुलीला घेऊन तोंडाशीच होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं. गुहेचा तोच तर गुण.

"छान आहे हो इथे. तुमची खोली याहून मोठी आहे ना?"

"बरीच," काका म्हणाले.

"बरीच, बरीच," गुहा म्हणाली. माझ्या मुलीला हसू आवरेना. मला मात्र काकांचं फार वाईट वाटलं. इतका खरा माणूस, आणि त्याला खोटं बोलायला जागा मिळाली ती ही.

झऱ्यांपाशी काकूंनी साडी वर खोचली आणि गरम पाण्यात पाय सोडले. काका शेजारी बसले आणि अपेक्षेने त्यांच्याकडे बघू लागले. हा त्यांचा हुकमाचा पत्ता होता. जमिनीतून आपोआप येणारं ऊन पाणी, वाळवंटात!

"हे आपल्याकडे तुरळला आहे की," काकू म्हणाल्या. "घरापासून रिक्षाने जाता येतं. हे दाखवायला विमानात बसवलंत?"

"ते वेगळं. यात मिनरल्स..."

"पाणी ऊन आहे. ते पण ऊन आहे." त्यांनी पाय हलवले. मग एकदम शांतपणे म्हणाल्या, "आपल्या लग्नानंतर तुम्ही मला तुरळला नेणार होतात. आठवतंय? मी अजून एकटीच जाते."

काकांना आठवत होतं, हे त्यांच्या मानेवरून दिसलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला आइसक्रीमच्या गाडीकडे घेऊन गेली. मी मोबाइल काढून उगीच नेटवर्क शोधत उभा राहिलो.

त्यानंतर काकांनी उंटांचा बाजार काढला. मग एक किल्ला काढला. मग एक खजुराची बाग काढली, जी कुठे आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. ऊन कलायला लागलं तशा काकू माझ्या खांद्यावर बोट ठोकून म्हणाल्या, "आता पुरे. गाडी खोलीवर घे."

"काकू, खूप ट्रॅफिक असतं हो शाबियात..."

"तू मला शिकवू नकोस. तू त्यांच्या कंपनीतला आहेस." मग काकांना, "तुम्ही दाखवणार नसाल तर मी आजचं जेवण जेवणार नाही."

 वाटेत काकांनी फक्त एकदा डॅशबोर्ड ठोकला. बद्द आला. त्यांनी हात मागे घेतला.

बायको आणि मुलगी गाडीत थांबल्या. लिफ्ट चालू होती. काकूंनी स्वतःच बटण दाबलं. दारात चपलांचा ढीग, आत फोडणीचा वास, चार प्लायवूडी दारं. काकांनी आपलं दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. एखादा मिस्त्री आपलं काम दाखवून जसा भिंतीला चिकटून उभा राहतो, अगदी तसे. त्यांच्या समोर रोज उभे राहणारे इतके मिस्त्री मी पाहिले होते, की मला तिकडे बघवेना.

काकू आत गेल्या. पलंग पाहिला. अर्धी खिडकी पाहिली. खिळ्याला अडकवलेला शर्ट नीट केला. मग पलंगावर बसल्या, हात वर केला आणि बोटाने प्लायवूड ठोकलं. बद्द. बद्द. बद्द.

"जी काकाजी!" पलीकडून गोरखपूरवाला म्हणाला. "चाय रखूं?"

"दो कप रखना," काका कसेबसे म्हणाले.

"तीन," काकू म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा एकदा, हलक्या हाताने तिथेच ठोकलं. "हाच आवाज. हा भरीव, हा पोकळ म्हणून ऐकवला होतात ना, तो हाच. मला त्याच दिवशी कळलं तुम्ही कुठे झोपता. ती खिडकीवाली खोली दाखवायचात तेव्हा मला हसू यायचं. प्लास्टिकची केळी महिना महिना तशीच!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला बरं वाटत होतं."

काका स्टुलावर बसले. इतका वेळ ते उभेच होते. "ती भिंत झाली की येणारच होतो," ते म्हणाले. "माजघराची. ती एक पास झाली की..."

"त्या भिंतीचं नाव काढू नका." काकूंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गेल्या खेपेला मी भिंत ठोकलीच नाही. मी पाटा ठोकला. आपला वाटणाचा पाटा, अख्खा काळा दगड. फोन त्याला लावला आणि पळीने ठोकला. तुम्ही काय म्हणालात?"

काकांनी स्टुलाची कड चाचपली.

"काय म्हणालात?"

"पोकळ," काका म्हणाले.

मी दारात होतो. मला निघून जायला हवं होतं, पण गेलो नाही. हा माणूस, ज्याच्या कानापुढे इंजिनीयर थरथरत, त्याने दगडाला पोकळ म्हटलं होतं. चुकून म्हटलं नव्हतं हे त्या खोलीतल्या आम्हा तिघांनाही कळत होतं.

काका बोलले ते जमिनीकडे बघत. "तिथे येऊन मी काय करू? घर तू बांधलंस. गवंडी तुला ओळखतो, बाजार तुला ओळखतो. मी महिनाभर येतो तेव्हा चहाची पावडर कुठे ते विचारावं लागतं. इथे निदान मी फुली मारली की कुणीतरी थांबतं."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. त्यांनी पर्समधून पेन काढलं, पलंगावर गुडघे टेकून बसल्या आणि त्या प्लायवूडवर, अर्ध्या खिडकीच्या खाली, भली मोठी फुली मारली.

"घ्या. मारली. आता थांबा. आणि घरी चला. तिथे आल्यावर दिवसभर ठोकत बसा. भिंती आहेत, मी आहे."

तेवढ्यात गोरखपूरवाला तीन कप घेऊन आला, फुलीकडे बघितलं, काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कप स्टुलाशी ठेवून आल्या पावली परत गेला. चहा गोड होता. काकांनी तो नापास केला नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. निरोपाला कंपनीने केक आणला, तो त्यांनी सुरीच्या मुठीने ठोकून बघितला आणि इजिप्शियन मॅनेजर इतका हसला की शेवटी रडायलाच लागला. "हबीबी, हू विल रिजेक्ट मी नाऊ?" असं म्हणत त्याने काकांना मिठी मारली. सळई त्यांनी माझ्या मुलीला देऊन टाकली. आम्ही ती लपवून ठेवली आहे. सहली बंद पडल्या. आम्ही एकदा आमच्या आमच्यात जाऊन आलो, पण पोहे कुणी नापास करेना, मग ते उरले.

विमानतळावरून गेल्यावर काकांचा बरेच दिवस पत्ता नव्हता. मला काळजी वाटत होती. ते तिथे चहाची पावडर शोधत कंटाळले असतील, फोनवर एचआरवाल्याला पुन्हा विचारत असतील, असं सारखं मनात यायचं. मग एका रविवारी सकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. शब्द नाही, नुसतं ठोकणं. ठण, ठण, ठण. मागे कोंबडा, आणि काकूंचं कुणाला तरी ओरडणं.

मी दोनदा ऐकलं, बायकोला ऐकवलं, आणि उत्तर पाठवलं: "काका, अभिनंदन! एकदम भरीव. भिंत पास!"

लगेच फोन वाजला. आवाज असा खुललेला, की त्यांना नक्की अंगणात मोर दिसला असणार.

"गाढवा, तो पाटा आहे! भिंत मी स्वतः ठोकली, बोटाने, चांगली सकाळभर. पोकळ आहे! वरपासून खालपर्यंत पोकळ! मी काय म्हणत होतो? आजपासून पाडायला घेतली. आता काही वर्षं तरी मला इथून हलता येत नाही."